परदेशासाठी कागदपत्रांचे अपोस्टिल आणि साक्षांकन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात किंवा गोव्यात मिळालेला दाखला परदेशात दाखवायचा झाला की शिक्क्यांचा प्रश्न येतो. त्याबद्दल लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहे. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. खाली नुसते ‘मंत्रालय’ म्हटले असेल तर ते मुंबईचे. दिल्लीच्या मंत्रालयाला सगळीकडे ‘परराष्ट्र मंत्रालय’ असेच म्हटले आहे.

१. अपोस्टिल म्हणजे नेमकं काय असतं?

कागदाच्या मागच्या बाजूला परराष्ट्र मंत्रालय एक चौकोनी, संगणकावर छापलेले स्टिकर लावते. तेच अपोस्टिल. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारात त्याचा नमुना ठरवून दिला आहे: चौकोनाची बाजू किमान ९ सेंटिमीटर, मथळा फ्रेंच भाषेत आणि खाली क्रमांक घातलेले दहा मुद्दे. देश कोणता, सही कोणाची, ती कोणत्या पदावरून केली, शिक्का कोणाचा, कुठे, कधी, कोणी, कोणत्या क्रमांकाने, अशी माहिती त्यात असते. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे.

या दहा मुद्द्यांत ‘दाखल्यातला मजकूर खरा आहे’ असे कुठेही लिहिलेले नसते. अपोस्टिल फक्त सही, सही करणाऱ्याचे पद आणि शिक्का यांची हमी देते. ही एक गोष्ट नीट लक्षात आली की पुढची बरीच उत्तरे तुमची तुम्हालाच सुचतील. दिल्लीचा अधिकारी तुमच्या गावच्या ग्रामसेवकाची सही ओळखत नाही. तो राज्याच्या ठरावीक अधिकाऱ्याची सही ओळखतो. राज्याचा अधिकारी विद्यापीठाची किंवा निबंधकाची सही ओळखतो. सगळी प्रक्रिया म्हणजे सह्यांची साखळी आहे. कागद परत येतो तेव्हा बहुतेक वेळा याच साखळीतली एखादी कडी सुटलेली असते.

२. अपोस्टिल आणि अटेस्टेशन यात फरक काय? मला कोणतं लागेल?

कागद ज्या देशात द्यायचा त्यावर हे ठरते. देश हेग कराराचा सदस्य असेल तर अपोस्टिल पुरते, त्या देशाच्या दूतावासात जावे लागत नाही. सदस्य नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाचे साधे साक्षांकन (म्हणजेच अटेस्टेशन), त्यावर त्या देशाच्या दूतावासाचा किंवा वकिलातीचा शिक्का आणि बहुतेक वेळा तिथे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, असा लांबचा रस्ता.

आखातात जाणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते, कारण तिथले सगळे देश एका नियमाचे नाहीत. ओमान २०१२ पासून, बहारीन २०१३ पासून आणि सौदी अरेबिया ७ डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल मानतात. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत सदस्य नाहीत, त्यामुळे दुबईसाठी दूतावासाचा शिक्का लागतोच. भावाने २०१९ मध्ये सौदीसाठी जे केले ते आज तुम्हाला करावे लागत नाही. कॅनडातही ११ जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल चालते. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, इटली, पोर्तुगाल, जपान, इस्रायल, मॉरिशस हे सदस्य आहेतच. जर्मनीचे प्रकरण वेगळे आहे, त्यासाठी प्र. १४ पाहा.

३. मला हे खरंच लागतं का? एजंट म्हणतो सगळे कागद करून घ्या.

सगळे कागद करून घेऊ नका. ज्या कार्यालयाला कागद द्यायचा त्याच्याकडून आधी ई-मेलवर तीन गोष्टी लिहून घ्या: कोणते कागद, मूळ प्रतीवर की छायाप्रतीवर, आणि भाषांतर कोणाकडून. त्या एका ई-मेलने पुढचे अनेक हेलपाटे वाचतात.

अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला भारतीय जन्म किंवा विवाह दाखल्यावर सहसा अपोस्टिल लागत नाही. तिथे इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रमाणपत्र महत्त्वाचे. कॅनडासाठी पदवीचे मूल्यांकन करणाऱ्या संस्था विद्यापीठाकडून थेट आलेली गुणपत्रके मागतात, म्हणजे बंद लिफाफा किंवा ऑनलाइन, तिथेही अपोस्टिलचा उपयोग नाही. परिचारिका, फार्मासिस्ट आणि डॉक्टर यांच्याकडून आखाती देश जी ‘डेटाफ्लो’ पडताळणी मागतात ती साक्षांकनापेक्षा निराळी आहे. त्यात डेटाफ्लो ही कंपनी थेट कॉलेजला आणि कौन्सिलला विचारते. कुठे दोन्ही लागतात, कुठे एकच.

४. कागद घेऊन थेट परराष्ट्र मंत्रालयात गेलो तर?

जुलै २०१२ पासून ते लोकांकडून थेट कागद घेत नाहीत. त्यांनी नेमलेल्या संस्थांच्या खिडकीवर ते जमा करायचे. जानेवारी २०१९ पासून हे काम दिल्लीपुरते राहिलेले नाही. मुंबई आणि पणजीसह अनेक शहरांतल्या शाखा सचिवालयांत व पारपत्र कार्यालयांत ते होते, त्यामुळे दिल्लीला जाण्याची गरज नाही. नेमलेल्या संस्थांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे.

पण त्या खिडकीवर जाण्याआधी राज्याची कडी पूर्ण हवी. कागदाचे तीन प्रकार मानले जातात. शैक्षणिक कागदांना राज्याच्या शिक्षण खात्याची सही लागते (प्र. ५ आणि ६). जन्म, विवाह, मृत्यू, प्रतिज्ञापत्र अशा वैयक्तिक कागदांना राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाची (प्र. ७ आणि १८). व्यापारी कागद, म्हणजे इन्व्हॉइस, मूळ देशाचे प्रमाणपत्र, कंपनीचा ठराव, हे चेंबर ऑफ कॉमर्सकडून साक्षांकित होतात. पुण्यात हे काम मराठा चेंबर ऑफ कॉमर्स करते.

५. पदवी प्रमाणपत्राचं कसं करायचं? पायऱ्या सांगा.

पहिली पायरी विद्यापीठ. परीक्षा विभागात पडताळणीचा अर्ज, शुल्काची पावती, पदवी प्रमाणपत्र, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स. विद्यापीठ आपल्या नोंदीशी ताडून पडताळणीचे पत्र किंवा शिक्का देते. दुसरी पायरी मंत्रालयातला शिक्षण विभाग, तिसरी परराष्ट्र मंत्रालय, आणि देश सदस्य नसेल तर चौथी दूतावास.

सर्वांत जास्त वेळ पहिल्या पायरीत जातो. परराष्ट्र मंत्रालयाचे काम काही कामकाजाच्या दिवसांत होते, पण १९९० च्या दशकातली पदवी असेल तर विद्यापीठाला जुनी रजिस्टरे काढावी लागतात. म्हणून नोकरीचे पत्र येण्याची वाट न पाहता विद्यापीठाची पडताळणी आधी करून ठेवलेली बरी.

तात्पुरते पदवी प्रमाणपत्र चालेल का, असेही अनेक जण विचारतात. काही देशांचे दूतावास मूळ पदवीच मागतात, तेव्हा दीक्षान्त समारंभानंतर पदवी उचलून ठेवा. विद्यापीठाचे नाव बदलले असेल तर घाबरू नका. ‘पुणे विद्यापीठ’ छापलेली पदवी २०१४ नंतरही तितकीच वैध आहे, आणि ‘मराठवाडा विद्यापीठ’ या नावाची १९९४ पूर्वीचीही. तिकडच्या कार्यालयाने शंका काढलीच तर नामांतराबद्दलचे पत्र विद्यापीठाकडून मागून सोबत जोडा.

६. दहावी-बारावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला?

गुणपत्रिका आणि प्रमाणपत्राची पडताळणी राज्य मंडळाच्या विभागीय कार्यालयात होते. राज्यात नऊ विभाग आहेत: पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण. मुंबई विभागाचे कार्यालय वाशीला आहे, कोकणचे रत्नागिरीत. आता राहता तिथले कार्यालय धरू नका. परीक्षा ज्या विभागातून दिली त्याच विभागात जा.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही असते आणि ती मंत्रालयात कोणी ओळखत नाही. त्यावर आधी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. शाळेत जाताना एक गोष्ट पाहा: दाखला छापील असला तरी जन्मतारीख अक्षरी लिहिण्याच्या ओळीत खाडाखोड असते. खाडाखोडीशेजारी मुख्याध्यापकांची छोटी सही नसेल तर पुढे कागद अडतो.

७. जन्म दाखला आणि लग्नाचा दाखला?

जुना, हाताने लिहिलेला दाखला घेऊन निघू नका. महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत, जिथे नोंद आहे तिथून नवी प्रत काढा. ती मराठी-इंग्रजी दोन्हीत येते आणि भाषांतराचा एक टप्पा वाचतो. मग राज्याच्या विभागाची सही, मग परराष्ट्र मंत्रालय.

नवी प्रत हातात आली की खिडकीवरून हलण्याआधी चार जागा वाचा: मुलाचे नाव, आईचे नाव, नोंदणीची तारीख आणि सहीखालचा शिक्का. मुलाच्या नावाचा रकाना कोरा असलेले दाखले फार आहेत, कारण पूर्वी जन्माची नोंद बारशाआधीच होत असे. नाव घालण्याचा मूळ नियम नोंदणीपासून १५ वर्षांचा आहे. त्यानंतर शासन वेळोवेळी सवलत देते तेव्हाच ते होते. सवलतीचा काळ चालू असेल तर एक दिवसही थांबू नका.

ग्रामपंचायतीच्या दाखल्यावरची सही राज्याच्या नोंदीत नसेल तर तालुका किंवा जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी मागतात.

लग्नासाठी परदेशात लागतो तो नोंदणीचा दाखला. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखालचा ‘नमुना ई’ किंवा विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्याने दिलेला. कार्यालयाची पावती, गुरुजींनी दिलेले प्रमाणपत्र किंवा पत्रिका चालत नाही. लग्न वीस वर्षांपूर्वी झाले असेल आणि नोंद केली नसेल तरी ती आता करता येते.

८. खर्च किती येतो?

परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल शुल्क दर कागदाला ५० रुपये आहे. साध्या साक्षांकनाला ते काहीच घेत नाहीत. खिडकी चालवणारी संस्था सेवाशुल्क आणि स्कॅनिंगचे पानामागे काही पैसे घेते. त्याचे दरपत्रक तिथे लावलेले असते. विद्यापीठाची पडताळणी आणि दूतावासाचे शुल्क वेगळे. अमिराती, कतार, कुवेत यांच्यासाठी खर्चाचा मोठा भाग दूतावासाचाच असतो. एजंट एका पदवीला काही हजार रुपये सांगत असेल तर त्यातले सरकारी किती आणि त्याचे स्वतःचे किती, हे पावतीवर वेगळे लिहून मागा. वेळ नसेल तर एजंटला पैसे देण्यात गैर काही नाही, पण कशाचे देतो ते माहीत हवे.

९. मूळ प्रत द्यावीच लागते का? हरवली तर?

बहुतेक देशांना मूळ कागदावरच अपोस्टिल हवे असते. नोटरीने खरी प्रत म्हणून साक्षांकित केलेल्या झेरॉक्सवर अपोस्टिल लावता येते, पण मग प्र. १ मधला नियम आठवा: तिथे हमी नोटरीच्या सहीची राहते, विद्यापीठाच्या नाही. काही देशांना ते पुरते, काहींना नाही.

देण्याआधी प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंचे रंगीत स्कॅन करून ठेवा. पारपत्राच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स सोबत लागते. दुसरे कोणी जमा करणार असेल तर त्याच्या नावाचे सही केलेले प्राधिकारपत्र आणि त्याचे ओळखपत्र. पोचपावतीवरचा क्रमांक आणि कागदांची संख्या तिथेच ताडून घ्या. पाच कागद दिले आणि पावतीवर चारच लिहिले, असे झाले तर पाचव्याचा माग काढणे अवघड जाते.

१०. माझी पदवी लॅमिनेट केलेली आहे.

हा प्रश्न जवळपास रोज येतो. प्लॅस्टिकवर शाई धरत नाही, स्टिकर नीट चिकटत नाही आणि चिकटले तरी ते कागदाला लागलेले नसते, म्हणून लॅमिनेट केलेला कागद घेत नाहीत. घरी इस्त्री फिरवून किंवा ड्रायरने प्लॅस्टिक काढू नका. गरम झालेल्या प्लॅस्टिकला कुलगुरूंच्या सहीची शाई चिकटून येते आणि वर धरले की सहीची उलटी छाप त्यात दिसते. त्यानंतर तो कागद कुठेच चालत नाही. सुरक्षित मार्ग एकच: विद्यापीठाकडून किंवा मंडळाकडून दुय्यम प्रत घ्या. दुय्यम प्रतीवर ‘डुप्लिकेट’ असा शिक्का असतो आणि तिला अपोस्टिल मिळते.

तसेच स्टेपलर पिन काढू नका. दोन पानांचा विवाह दाखला किंवा मुखत्यारपत्र स्कॅन करायला पिन काढली आणि पुन्हा मारली की कोपऱ्यात भोकांचे दोन जोड दिसतात. परदेशातले अधिकारी पान बदलल्याचा संशय घेतात तो तिथूनच.

११. कागदांवर नाव वेगवेगळं आहे. काय करू?

परराष्ट्र मंत्रालय नाव जुळवत बसत नाही, त्यामुळे अपोस्टिल मिळून जाते. अडचण पुढे, तिकडच्या खिडकीवर येते. आपल्याकडे हे तीन कारणांनी होते.

पहिले, गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, काही ठिकाणी त्यापुढे आईचेही. पारपत्रात आडनाव वेगळ्या रकान्यात. परदेशातल्या संगणकाला ही दोन माणसे वाटतात. ‘नाव एकच, क्रम वेगळा’ असे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी पुरते.

दुसरे, स्पेलिंग. ‘ज्ञानेश्वर’ एका कागदावर डी-एन-वायने सुरू होते, दुसऱ्यावर जी-वायने. ‘वैद्य’च्या शेवटी कुठे ए आहे, कुठे नाही. जन्म दाखल्यातली चूक असेल तर निबंधकाकडे दुरुस्ती करा, मंडळाच्या कागदातली असेल तर शाळेमार्फत मंडळाकडे. पारपत्र बदलण्यापेक्षा मूळ नोंद दुरुस्त करणे नेहमी चांगले, कारण पुढचे सगळे कागद त्या नोंदीवर उभे राहतात.

तिसरे, लग्नानंतर बदललेले नाव. पदवीवर माहेरचे, पारपत्रावर सासरचे. अपोस्टिल केलेला विवाह दाखला या दोघांना जोडतो, पण त्यावर लग्नाआधीचे पूर्ण नाव पाहिजे. स्वतःचे नावही बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेली सूचना लागते. मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करून ती मिळते. नाव बदलायचेच नसेल तर बदलू नका. लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही, आणि माहेरच्या नावावरच सगळे कागद असले तर हा सगळा खटाटोप टळतो.

१२. दाखला मराठीत आहे. आधी भाषांतर की आधी अपोस्टिल?

बहुतेक वेळा आधी अपोस्टिल. स्पेन, इटली, पोर्तुगाल अशा देशांत अपोस्टिलच्या स्टिकरचेही भाषांतर मागतात, आणि ते तिथल्या मान्यताप्राप्त शपथबद्ध भाषांतरकाराने केलेले हवे असते. आधी भाषांतर केले तर स्टिकरचा मजकूर राहून जातो आणि पैसे दोनदा जातात. मूळ कागद फक्त मराठीत असेल, उदाहरणार्थ जुना वारस दाखला किंवा सातबारा, तर इंग्रजी भाषांतर नोटरीकडून साक्षांकित करून मूळ कागदाला जोडून एकत्र पाठवतात.

१३. अपोस्टिलची मुदत किती?

अपोस्टिलला मुदत नसते. पण ज्या कागदावर ते लावले त्याला असू शकते. पोलिसांच्या प्रमाणपत्राला आणि काही देशांत जन्म दाखल्यालाही ‘सहा महिन्यांच्या आत काढलेला’ अशी अट असते. जर्मनीसारखे अपवाद (प्र. १४) सोडले तर एकदा लावलेले अपोस्टिल सगळ्या सदस्य देशांत चालते. पोर्तुगालसाठी केलेली पदवी पुढे आयर्लंडला नेता येते.

१४. जर्मनीला अपोस्टिल चालत नाही असं ऐकलं. खरं का?

खरे आहे. भारत करारात आला तेव्हा जर्मनीने आक्षेप नोंदवला आणि तो कायम ठेवला, म्हणून दोन्ही देशांमध्ये अपोस्टिल लागू नाही. जर्मन वकिलाती भारतीय कागदांवर त्याऐवजी शिक्काही मारत नाहीत. तिथल्या कार्यालयाला, बहुधा विवाह नोंदणी कार्यालयाला, खात्री हवी असेल तर ते वकिलातीला पडताळणीची विनंती करते. मग वकिलातीने नेमलेला वकील तुमच्या नगरपालिकेत किंवा शाळेत जाऊन नोंदवही पाहतो. खर्च तुमचा, आणि वेळ महिन्यांत मोजावा लागतो. ही पडताळणी तुम्हाला स्वतःहून मागता येत नाही, ती जर्मन कार्यालयाकडूनच सुरू होते. तेव्हा लग्नाची तारीख ठरवण्याआधी तिकडच्या कार्यालयाशी बोला.

विद्यार्थ्यांसाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागद खरे असल्याचे जर्मनीच्या तपासणी केंद्राचे प्रमाणपत्र, बंधनकारक आहे, ते दिल्लीतून मिळते. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी महाराष्ट्राने केलेल्या २०२४ च्या करारातून महाराष्ट्रातून तिकडे कामासाठी जाऊ पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी घाईने अपोस्टिल करून घेतले. तो खर्च वाया गेला.

१५. मी राहतो पुण्यात, पण पदवी इंदूरची आहे. जन्म बेळगावचा.

मग पदवी मध्य प्रदेशातून आणि जन्म दाखला कर्नाटकातून साक्षांकित होईल. राज्याची सही कागद देणाऱ्या राज्याची लागते, राहत्या राज्याची नाही. सीमाभागातल्या लोकांना हे नेहमी अडते. घरातल्या एखाद्याला प्राधिकारपत्र देऊन राज्याची पायरी तिकडेच करून घ्या. परराष्ट्र मंत्रालयाची पायरी मग मुंबईत होऊ शकते.

१६. मी आता परदेशात आहे. इथल्या भारतीय वकिलातीतून अपोस्टिल मिळेल का?

नाही. भारतीय कागदावरचे अपोस्टिल परराष्ट्र मंत्रालय भारतातच लावते. वकिलात साक्षांकन करते, आणि काही कार्यालयांना तेवढे पुरतेही, म्हणून आधी विचारा. नाहीतर मूळ कागद, सही केलेले प्राधिकारपत्र आणि पारपत्राची झेरॉक्स घरी पाठवा. मूळ कागद पाठवायला नोंद असलेले कुरिअरच वापरा.

१७. पोलिसांच्या प्रमाणपत्राला मंत्रालयात जावं लागतं का?

पारपत्र सेवा केंद्रातून काढले तर नाही. ते केंद्र सरकारचे असल्यामुळे राज्याची कडी लागत नाही, थेट अपोस्टिल होते. शुल्क ५०० रुपये. स्थानिक पोलीस ठाण्यातून किंवा आयुक्तालयातून काढलेल्या प्रमाणपत्राला मात्र राज्याच्या गृह विभागाची सही लागते. परदेशासाठी पहिलाच मार्ग घ्या.

१८. अविवाहित असल्याचा दाखला कुठे मिळतो?

आपल्याकडे असा सरसकट सरकारी दाखला नाही. स्टॅम्प पेपरवर स्वतःचे आणि आईवडिलांचे प्रतिज्ञापत्र करतात, नोटरी, राज्याचा विभाग, परराष्ट्र मंत्रालय असे ते पुढे जाते. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत सोबत द्यावी लागते, नुसते प्रतिज्ञापत्र पुरत नाही. नोटरीचा शिक्का, नोंदवहीतला क्रमांक आणि नोंदणी वैध असल्याची तारीख, तिन्ही स्पष्ट दिसली पाहिजेत. पुसट शिक्का हे कागद परत येण्याचे मोठे कारण आहे.

१९. गोव्याच्या आजोबांची पोर्तुगीज काळातली नोंद आहे. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी ती लिस्बनला कशी द्यायची?

जन्माची नोंद १९ डिसेंबर १९६१ पूर्वीची असेल तर साधा दाखला न घेता मूळ नोंदीची संपूर्ण नक्कल मागा. पोर्तुगालच्या कार्यालयाला नोंदीतला पूर्ण मजकूर आणि शेऱ्यांसह प्रत हवी असते. अपोस्टिल पणजीत होते.

खरी मेहनत नावांत आहे. त्या काळातल्या कारकुनाने ‘नायक’च्या शेवटी क्यू-यू-ई लावले, ‘कामत’चे ‘कामोतीं’ केले. नातवाच्या आधार कार्डावर मात्र आजचे स्पेलिंग असते. आजोबा, वडील, नातू अशा प्रत्येक पिढीचा जन्म आणि विवाह दाखला एका ओळीत मांडून पाहा, आणि जिथे नाव तुटते तिथे दुरुस्ती किंवा न्यायालयाचा आदेश घ्या. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते. तेव्हा अर्ज करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.

२०. ई-सनद वापरता येईल का?

ई-सनद हे कागदांच्या ऑनलाइन पडताळणी आणि साक्षांकनाचे सरकारी पोर्टल आहे. कागद देणारी संस्था त्याला जोडलेली असेल तर जरूर. २०१७ मध्ये सीबीएसईच्या निकालांपासून हे सुरू झाले. संस्थेच्या डिजिटल नोंदीतून पडताळणी होते, त्यामुळे मूळ कागद घेऊन विद्यापीठात आणि मंत्रालयात जावे लागत नाही. पोर्टलवर आधी तुमच्या संस्थेचे नाव शोधा. नसेल तर प्र. ५ किंवा ६ चा मार्ग.

२१. परदेशातला कागद भारतात वापरायचा असेल तर?

सगळे उलटे फिरवा. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर त्या राज्याचे अपोस्टिल हवे. वॉशिंग्टनमधले केंद्रीय खाते राज्याच्या कागदाला अपोस्टिल देत नाही. दुबईच्या कागदाला तिथले परराष्ट्र खाते आणि मग भारतीय वकिलात.

मुखत्यारपत्राबाबत एक गोष्ट अनेकांची हुकते. फ्लॅट विकायला परदेशातून भावाच्या नावे मुखत्यारपत्र पाठवले, त्यावर तिथल्या नोटरीची सही आणि अपोस्टिल किंवा भारतीय वकिलातीचे साक्षांकन आहे, तरी महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, कलम १८. तीन महिने कागद राज्यात पोचला त्या दिवसापासून मोजतात, म्हणून कुरिअरचा लिफाफा आणि पोचल्याची पावती फेकू नका. मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात तारखेचा पुरावा म्हणून तीच दाखवावी लागते.

२२. आलेलं अपोस्टिल खरं आहे हे कसं ओळखू?

स्टिकरवरचा क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाका. नोंद उघडली की क्रमांक आहे एवढ्यावर थांबू नका. नाव, कागदाचा प्रकार आणि तारीख हातातल्या कागदाशी ताडा. खऱ्या स्टिकरचा क्रमांक उचलून दुसऱ्याच्या कागदावर छापण्याचे प्रकार होतात. नोंद सापडली नाही तर तो कागद कुठेही देऊ नका, कारण बनावट शिक्क्याचा कागद परदेशात दिला तर व्हिसा तर जातोच, पण गुन्हा अर्जदारावर नोंदवला जाऊ शकतो, एजंटने केले असले तरी. आधी पोलिसांत तक्रार करा आणि विद्यापीठाची पडताळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.